औषधखाती मांडलेली ब्रँडी

ग्वाल्हेर खंडपीठापुढील एका कामाकरिता गेल्या पौषात आम्हांस त्या शहरी आठवडाभर राहावे लागले. उतरलो होतो ते पडावावर. स्टेशनातून बाहेर पडून फुलबागेच्या दिशेने निघाले म्हणजे ही वस्ती लागते. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी तेथून जवळच आहे. 'पडाव' म्हणजे मुक्काम, तळ. ग्वाल्हेरच्या नावनिशीत छावणी कशी मुरली आहे, हे या एका शब्दावरून ध्यानी यावे. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी आपला तळ दिला, तो तळ पुन्हा उठलाच नाही. तंबूंची घरे झाली, घरांचे वाडे झाले, राजधानी वसली, पण नाव मात्र 'लष्कर' हेच राहिले.

आमचे यजमान आपल्याच समाजातले. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दप्तरात लेखणी चालविण्यासाठी गोमंतकातून इकडे आले, ते इकडचेच झाले. घरची भाषा मराठी, तिला हिंदीची बरीच कल्हई. कोकणी उरली आहे ती केवळ स्वयंपाकघरात आणि औषधांच्या फडताळात. हुमण, सोलां, किरायतें असे दहापाच शब्द दोन शतकांच्या प्रवासात सांडले नाहीत, एवढेच.

वकिलास जेवावयास बोलावले म्हणजे ताटात पक्वान्नाबरोबर एखादा खटलाही वाढला जातो, हा आमचा नेहमीचा अनुभव. येथेही तसेच झाले. यजमानांच्या चिरंजीवांनी कुलदेवतेच्या देवस्थानाच्या स्मरणिकेसाठी घराण्याचा वृत्तांत लिहावयास घेतला होता आणि त्यासाठी पणजोबांच्या मोडी वह्या माळ्यावरून खाली काढल्या होत्या. त्यांत संवत १९६३, म्हणजे इसवी सन १९०६-०७ च्या वहीत, 'औषध खर्च' या सदराखाली एक नोंद निघाली: काडेचिराईत, नारिंगसाल, खडीसाखर, ब्रांदी बाटली एक. चिरंजीवांचे म्हणणे, ही नोंद जशीच्या तशी छापावी. यजमानांचे म्हणणे, देवाच्या स्मरणिकेत बाटली नको. दोघेही आमच्याकडे पाहू लागले.

आम्ही प्रथम विचारले, या चार वस्तूंचे करीत काय? यजमानांस ते चांगले ठाऊक होते, कारण त्यांच्या लहानपणापर्यंत त्यांच्या आजी ते करीत असत. चिराईत आणि नारिंगाची वाळलेली साल जाडीभरडी कुटून, थोड्या ब्रँडीत बुडवून, चिनी मातीच्या बरणीत आठ दिवस दादरा बांधून ठेवावयाची. मग फडक्यातून गाळून तो काळपट अर्क एका लहानशा शिशीत भरावयाचा. माघात थंडीचा कडाका वाढला, कोणास खोकला झाला, कोणाची भूक गेली, म्हणजे पळीभर ब्रँडीत खडीसाखरेचा पाक आणि त्या अर्काचे दोन थेंब घालून, दुप्पट कोमट पाणी ओतून ते द्यावयाचे. घरात त्याला 'कडूगोड' म्हणत. आजी देताना प्रत्येक वेळी बजावीत, "कोडू आसा, पूण बरें करता." पडावावरच्या त्या घरात अखंड उरलेले हे बहुधा एकच कोकणी वाक्य.

यावर चिरंजीव हसून म्हणाले, "वकीलसाहेब, याला आता कॉकटेल म्हणतात." यजमानांच्या कपाळास आठी पडली. परंतु चिरंजीवांचे विधान चेष्टेचे असले तरी पुराव्यास धरून होते. 'कॉकटेल' या शब्दाची पहिली छापील व्याख्या अमेरिकेत न्यूयॉर्क प्रांतातील हडसन गावच्या एका नियतकालिकाने १८०६ च्या मे महिन्यात दिली. कोणतेही एक मद्य, साखर, पाणी आणि कडवट अर्क या चार पदार्थांचे मिश्रण, एवढाच तिचा आशय. पुढे १८६२ साली जेरी टॉमस याने पेयांच्या कृतींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील ब्रँडीच्या कॉकटेलात पाकाचे तीनचार शिंतोडे, कडू अर्काचे दोन, ब्रँडी एक पेला आणि नारिंगसालीपासून केलेल्या क्युरासाओ मद्याचे एकदोन शिंतोडे सांगितले आहेत. आजीची यादी शेजारी ठेवून पाहावी. खडीसाखरेच्या जागी पाक, चिराइताच्या जागी कडू अर्क, नारिंगसालीच्या जागी क्युरासाओ. ब्रँडी उभयपक्षी समान. टॉमसचे नावही न ऐकलेल्या एका बाईने ग्वाल्हेरात तीच कृती औषध म्हणून सिद्ध केली होती.

यात चमत्कार काही नाही. तो कडवट अर्कही मुळात औषधच होता. ज्याचे थेंब आज जगभरच्या पेल्यांत पडतात तो अंगोस्तुरा अर्क योहान सीगर्ट नावाच्या जर्मन वैद्याने १८२४ साली व्हेनेझुएलातील अंगोस्तुरा गावी तयार केला. बोलिव्हारच्या सैन्यातील शिपायांच्या पोटाच्या तक्रारींवर उतारा हा त्याचा हेतू. त्यात जेन्शियन नावाच्या वनस्पतीचे मूळ पडते. आपले हिमालयातले काडेचिराईत याच जेन्शियनच्या कुळातले, आणि दोघांतही अमॅरोजेंटिन हे एकच अतिकडू द्रव्य आहे. १८३९ साली एडिंबरोच्या औषधकोशात चिराइतास स्थान मिळाले ते याच गुणावर. येथे गोव्याकडील वाचकांस एक सूचना करून ठेवतो. आपण कोकणीत ज्याला किरायतें म्हणतो ते परसातले झुडूप म्हणजे भुईनिंब. ते चिराइतापेक्षा निराळे, निराळ्याच कुळातले. पडावावरच्या आजींनी नाव गोव्याचे राखले आणि वनस्पती हिमालयाची घेतली. ग्वाल्हेरच्या पंसाऱ्याकडे जे मिळाले ते त्यांनी जुन्या नावाने हाक मारून घरात आणले.

कडवट-गोड पेयांचे दुसरे घराणे व्हर्मूथचे. द्राक्षाच्या मद्यात औषधी वनस्पती मुरवून, साखर घालून ते करतात. तुरीन शहरात आंतोनिओ बेनेदेत्तो कार्पानो याने १७८६ साली ते विकावयास आणले असे मानतात. ज्या वनस्पतीच्या जर्मन नावावरून त्यास व्हर्मूथ हे नाव पडले ती आपल्या दवण्याची सख्खी बहीण, एकाच वंशातली. चैत्रात आपण देवास दवणा वाहतो, जोतिबाच्या डोंगरावर तर दवण्याचे भारे येतात. त्याची बहीण तिकडे पेल्यात उतरली आणि हा इकडे देवाच्या मस्तकी चढला, इतकेच अंतर.

आणि आता व्हर्मूथवरून ग्वाल्हेरास येणे भाग आहे, कारण वाट सरळ आहे. आल्प्सच्या कुशीतील शांबेरी हे व्हर्मूथचे दुसरे प्रसिद्ध ठिकाण, १८२१ पासूनचे. त्याच शांबेरीत १७५१ साली एका कातडी-लोकरीच्या व्यापाऱ्याच्या घरी बन्वा लबोर्न्य नावाचा मुलगा जन्मला. तोच पुढे जनरल डी बॉईन. १७८४ साली त्याने महादजी शिंद्यांची नोकरी धरली, कवायती पलटणी उभ्या केल्या, १७९० साली पाटण व मेडता येथील लढाया जिंकून दिल्या आणि १७९५ अखेर निवृत्त होऊन अपार संपत्तीसह तो मायदेशी परतला. त्याच्या स्मरणार्थ शांबेरीत १८३८ साली कारंजे उभारले, त्यास चारी दिशांनी चार हत्ती आहेत. हत्तींचा पुढचा अर्धा भागच तेवढा दिसत असल्यामुळे गावकऱ्यांनी त्यांस एक ग्राम्य नाव ठेवले आहे, ते या मासिकात देण्याजोगे नाही. शिंद्यांच्या छावणीतले हत्ती असे युरोपातील मद्याच्या गावी जाऊन उभे राहिले, आणि युरोपातील मद्य शिंद्यांच्या छावणीत येऊन राहिले.

या छावणीशी आपला संबंध केवळ प्रेक्षकाचा नव्हता, हे आपल्या समाजाचा इतिहास लिहिणारांनी विसरू नये. जिवबादादा बक्षी केरकर, लखबादादा लाड, बाळोबा तात्या पागनीस ही महादजी-दौलतरावांच्या दरबारातील मातबर शेणवी मंडळी. १७९३ च्या लाखेरीच्या रणात होळकरांविरुद्ध लखबादादा आणि डी बॉईन एका बाजूने लढले. १७९५ साली खर्ड्यास शिंद्यांच्या फौजेची धुरा जिवबादादांकडे होती आणि कवायती पलटणी पेरॉनकडे. पुढे महादजींच्या विधवा बायांचा पक्ष घेऊन लखबादादा दौलतरावांविरुद्ध उभे राहिले, तेव्हा १८०१ साली सेवढ्याच्या लढाईत त्यांचा पराभव केला तो याच पेरॉनने. म्हणजे आपले सरदार या फिरंग्यांच्या खांद्यास खांदा लावून लढले आणि त्यांच्याशी झुंजलेही. एकाच तळावर वर्षानुवर्षे राहणारी माणसे एकमेकांची भाषा उचलतात, पोशाख उचलतात. फडताळातली औषधे तेवढी उचलीत नसतील, असे कोणी म्हणू नये.

पेशवाईचे धोरण याहून कडक. पुण्याच्या राज्यात दारू गाळण्यास मनाई होती. तरीही तोफखान्यावरील फिरंगी गोलंदाजांस त्यांच्यापुरती सवलत दिल्याचे दाखले पेशवे दप्तरात सापडतात. बंदी करावी आणि ज्याच्यावाचून तोफ उडत नाही त्यास वगळावे, ही राज्यकर्त्यांची युक्ती जुनीच आहे. इंग्रजी अमलात ब्रँडी-पाणी हे साहेबांचे ठरीव पेय होते. १८६० नंतर एका कीटकाने फ्रान्सचे द्राक्षमळे फस्त केले, ब्रँडी महागली आणि व्हिस्कीने तिची जागा घेतली. पण आपल्या घरांत खोकल्यास, बाळंतिणीस, थंडीने काकडलेल्यास ब्रँडीच राहिली. व्हिस्की औषध म्हणून कोणी दिल्याचे आम्ही ऐकले नाही.

ज्या काळी पडावावरच्या वहीत ती नोंद झाली त्याच काळात, माधवराव महाराजांच्या कारकिर्दीत, जयविलास राजवाड्यात ब्रँडीचा थाट काही निराळा होता. हा राजवाडा मायकेल फिलोज याच्या आराखड्यावरून १८७४ साली जयाजीरावांनी बांधविला. हे फिलोज घराणेही मूळचे नेपल्सकडील, शिंद्यांच्या पदरी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. तेथील मेजवानीच्या मेजावर रुळ टाकलेले आहेत आणि त्यांवरून चांदीची चिमुकली आगगाडी धावे. तिच्या डब्यांवर शिंदे हे नाव रोमन लिपीतील एकेका अक्षराने मांडलेले, वर मद्याच्या काचेच्या सुरया, सुका मेवा, चिरूट. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबावी, जागी ठेवली की पुन्हा चालू लागावी. आम्ही ती संग्रहालयात पाहिली. शेजारी उभे असलेले शाळकरी मुलगे ती चालवून दाखवा म्हणून पहारेकऱ्याच्या मागे लागले होते. माधवराव महाराजांचे आगगाडीचे वेड सर्वश्रुत आहे. दोन फूट रुंदीच्या रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे त्यांच्याच हौसेतून वाढली.

गाडीवरून सरदारांपुढे फिरणारी ब्रँडी आणि कारकुनाच्या वहीत 'औषध खर्च' म्हणून बसलेली ब्रँडी, द्रव्य एकच. फरक सदराचा. आणि सदर कोणते लावावयाचे, हा तर आम्हां वकिलांचा पोटापाण्याचा प्रश्न.

कौटिल्याने अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे प्रकरण लिहिले, त्यात सर्व मद्यविक्री राजाच्या ताब्यात ठेवली, पण कुटुंबवत्सल गृहस्थास मंगलकार्यासाठी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा दिली. चरकाने तर आसवांचे चौऱ्याऐंशी प्रकार गणले आहेत. मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला तेव्हा ही मुभा नाहीशी झाली, आणि फ्रामजी बलसारा यांनी त्यास आव्हान दिले. व्हिस्की, ब्रँडीपासून औषधे व कोलनच्या पाण्यापर्यंत सर्व काही जवळ बाळगण्याचा हक्क त्यांनी मागितला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली ब्रँडीवरील बंदी कायम ठेवली, परंतु मद्यार्कयुक्त औषधांवरील व प्रसाधनांवरील बंदी घटनाबाह्य ठरविली. त्याच महिन्यात मुंबईत पेसिकाका नावाच्या एका अधिकाऱ्याच्या जीपखाली माणसे आली आणि त्याच्या तोंडास दारूचा वास आढळला. त्याचा बचाव असा, की आपण बी. जी. फॉस हे शक्तिवर्धक औषध घेतले होते. वास औषधाचा की दारूचा, हे कोणी सिद्ध करावयाचे? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि बहुमताने असा निर्णय झाला की, ते सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर आहे. आरोपी सुटला. नाकास फरक कळत नाही, तो पुराव्यानेच कळावा लागतो, असा या निकालाचा आम्ही अर्थ करतो.

(जाता जाता, एका कायदेशीर गमतीचा उल्लेख करतो. आपल्या देशातील बहुतेक जुन्या अबकारी कायद्यांत 'उत्पादन' या शब्दाच्या व्याख्येत मद्यास स्वाद देणे व मिश्रण करणे हेही येते. तेव्हा शब्दशः पाहता आजींची चिनी मातीची बरणी हा एक कारखानाच ठरतो. कोणा निरीक्षकाने अद्याप असे आरोपपत्र धाडल्याचे आमच्या पाहण्यात नाही.)

एवढे व्याख्यान ऐकून चिरंजीव खूश झाले. नोंद औषधाचीच, तेव्हा छापण्यास हरकत कोणती? यजमान मात्र उठले, आतून दुसरी वही घेऊन आले आणि काही न बोलता आमच्यापुढे उघडून ठेवली. संवत १९७१ ची. सदर तेच, 'औषध खर्च'. पौषात ब्रांदी बाटली एक. फाल्गुनात दोन. ज्येष्ठात, ग्वाल्हेरच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यात, पुन्हा दोन. आम्ही पान उलटून पाहिले, मागचे पुढचे पाहिले. चिराईत कोठेच नव्हते. नारिंगसाल नव्हती. खडीसाखर होती ती देवखर्चात.

"हे आमचे थोरले आजोबा," यजमान म्हणाले. "पणजोबा हिशेब लिहीत राहिले आणि सदर बदलावयास त्यांचा हात धजला नाही. दुसऱ्या घरातली शेती गेली ती अशी. आजी तो अर्क कुलपात ठेवीत असत, आणि आम्हां मुलांना वाटे, अर्क मौल्यवान म्हणून. कुलूप बाटलीला होते."

'एकच प्याला' हे गडकऱ्यांचे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले, म्हणजे या वहीनंतर चारपाच वर्षांनी. त्यातला सुधाकर वकील आहे, ही गोष्ट आमच्या व्यवसायबंधूंना प्रयोग पाहताना नेहमीच जरा टोचते. तो पहिला पेला घेतो तेव्हा त्यालाही आपल्या मनःस्तापावरील औषधच मिळालेले असते. पणजोबांच्या वहीत तेच नाटक पाच ओळींत होते, आणि तेही एकही शब्द वावगा न लिहिता. ज्या दिवशी यादीतून चिराईत गेले त्या दिवशी ते औषध राहिले नाही. कडूपणा हा त्या पेयाचा पहारेकरी होता. दोन थेंबांवर तिसरा पडला तर पेला तोंडास लावणे कठीण, आणि म्हणून माणूस एका पळीवर थांबे. पहारेकरी रजेवर गेला आणि गोड तेवढे उरले.

यजमानांनी आमचे मत विचारले. आम्ही सांगितले ते असे. पुरावा ज्याच्या हाती आहे त्याने तो दडवला तर तो त्याच्या विरुद्ध जाणारा होता असे न्यायालय मानू शकते. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होते आणि २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. पहिली नोंद एकटी छापली तर घराण्याने आपली हौस औषधाच्या नावावर खपविली असे वाचणारा म्हणेल, आणि दुसरी पाहिलेला कोणी भाऊबंद पुढे आला तर ते खरेही ठरेल. दोन्ही गाळल्या तर लखबादादांच्या लढायांपलीकडे त्या वृत्तांतात घराचा माणूस असा कोणी उरणार नाही. दोन्ही पाने छापावीत, थोरल्या आजोबांचे नाव वगळावे, आणि चिराइताचा उल्लेख दोन्ही ठिकाणी तपासून घ्यावा. यजमान बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मुलास विचारले, मोडीचा ठसा छापता येतो का? येतो म्हणाल्यावर दोन्ही वह्या एकावर एक ठेवून त्यांनी रुमालात बांधल्या आणि त्याच्या हाती दिल्या.

त्या रात्री थंडी फार होती. यजमानांनी फडताळातून आजींची ती शिशी काढली. आतला अर्क अर्थात नवा, आजींच्याच कृतीने केलेला. चिरंजीवांनी आपल्या पद्धतीने सर्व साहित्य मांडले. ब्रँडी दोन भाग, गोड व्हर्मूथ एक भाग, नारिंगाची ओली साल वरून पिळावयास, आणि बर्फ. आजींची पळी मात्र मापास तीच. अर्काचे दोन थेंब यजमानांनी स्वतः, चष्मा लावून, मोजून घातले. तिसरा पडू नये म्हणून शिशीच्या तोंडावर बोट ठेवले. पेला आमच्यापुढे आला तेव्हा आमच्या ध्यानी आले की तो सोमवार होता, आणि कुलदेव मंगेशाचा हा वार आम्ही आजवर मोडलेला नाही. यजमानांनी मुळीच आग्रह केला नाही. पेल्यावर बशी झाकून तो त्यांनी दुसऱ्या दिवसासाठी फडताळात ठेवला.

"बर्फ वितळून जाईल," चिरंजीव म्हणाले.

"आजीच्या कृतीत दुप्पट पाणी होतेच," यजमान म्हणाले, आणि फडताळास कुलूप लावले.